नॅनोपोअरमध्ये डीएनए वारंवार अडकतोय? मेम्ब्रेन फोडण्याआधी ट्रेस वाचा

नॅनोपोअर म्हणजे पातळ पडद्यातलं नॅनोमीटरभर रुंदीचं छिद्र. त्यातून वाहणाऱ्या आयनांच्या प्रवाहाचा आलेख म्हणजे ट्रेस, आणि डीएनए आत शिरला की तो प्रवाह घटतो. अडकण्याचं लक्षण साधारण असं असतं. लिपिडचा द्विस्तर (म्हणजेच मेम्ब्रेन) नीट बसलाय, अल्फा-हिमोलायसिनचं एक छिद्र आलंय, १ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १२० मिलिव्होल्टला प्रवाह १२० पिकोअँपिअरच्या आसपास स्थिर आहे. सिस बाजूला (जिथून डीएनए आत शिरतो ती; पलीकडची ती ट्रान्स) एकपेडी डीएनए घातला की सुरुवातीला हव्या तशा बारीक खाचा दिसतात. मग एकदम प्रवाह खाली जातो आणि तिथेच बसून राहतो. व्होल्टेज उलटं करून पुन्हा सुलट केलं की सुटतो, थोडा वेळ चालतो, परत अडकतो.

यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे 'पोअर खराब झालंय, नवीन मेम्ब्रेन करा'. नवीन मेम्ब्रेनवर पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत चालतं, म्हणून सल्ला बरोबर होता असं वाटतं, आणि तासाभरात गाडी पुन्हा तिथेच येते. बहुतेक वेळा छिद्राचा काही दोष नसतो. दोष नमुन्यात असतो, आणि तो कोणत्या जातीचा आहे हे अडकलेला ट्रेसच सांगत असतो. मेम्ब्रेन फोडली की तो पुरावा गेला. म्हणून खालचं सगळं अडकलेल्या अवस्थेतच तपासायचं आहे.

आधी छिद्राचा आकार डोळ्यांपुढे आणा

अल्फा-हिमोलायसिन हे स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूचं विष. सात सारखे घटक एकत्र येऊन छिद्र बनतं. त्याची स्फटिकरचना १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी कासियानोविच, ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांनी याच छिद्रातून एकपेडी आरएनए आणि डीएनए विजेच्या ओढीने पलीकडे जातात हे दाखवलं. एकूण लांबी १० नॅनोमीटर. वरचा अर्धा भाग म्हणजे पोकळ टोपी. तिच्या आतली पोकळी रुंदीला ४.६ नॅनोमीटर, पण तोंड त्यापेक्षा अरुंद. टोपी जिथे खालच्या नळीला मिळते तिथे सगळ्यात चिंचोळी जागा, सुमारे १.४ नॅनोमीटर. त्याखाली मेम्ब्रेनमधून आरपार जाणारी सुमारे ५ नॅनोमीटरची नळी.

दुपेडी डीएनए २ नॅनोमीटर जाडीचा. म्हणजे तो टोपीत शिरू शकतो, चिंचोळ्या जागेतून पार होऊ शकत नाही. एकपेडी साखळी मात्र एका वेळी एक बेस अशी रांगेने घुसते. निमुळत्या गळ्याच्या बाटलीत दोऱ्याचं टोक जातं, गाठ गळ्याशी अडते, तसाच हा प्रकार. निदानाचा सगळा खेळ गाठ कुठे अडली आहे हे प्रवाहावरून ओळखण्याचा आहे.

डीएनए नसताना काय होतं ते पाहिलंय का?

हे विचारलं की बऱ्याचदा उत्तर 'हो, बेसलाइन ठीक होती' असं येतं. अर्धा मिनिट बेसलाइन पाहणं म्हणजे कोरी चाचणी नव्हे. जेवढा वेळ प्रयोग चालवणार आहात तेवढाच वेळ, त्याच व्होल्टेजला, फक्त बफरमध्ये छिद्र चालवून पाहा. अल्फा-हिमोलायसिन स्वतःहूनही मिटतं. व्होल्टेज जास्त असेल, पीएच खाली गेला असेल किंवा द्विसंयुजी धातूंचे आयन आले असतील तर हे वाढतं. त्यात जस्त सगळ्यात त्रासदायक. पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती काढण्याच्या पद्धतीच्या) मिश्रणातून आलेला नमुना तसाच ओतला तर त्याच्याबरोबर मॅग्नेशियमही येतं. बफरमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए (असे धातूंचे आयन पकडून ठेवणारं रसायन) ठेवायला काही खर्च नाही. पीएच ८ च्या आसपास ठेवा.

कोऱ्या बफरमध्येही छिद्र मिटत असेल तर पुढचं वाचू नका. व्होल्टेज १०० ते १२० मिलिव्होल्टवर आणा, बफर बदला, आणि मगच डीएनए घाला. लवकर घटना (डीएनए शिरल्याच्या खाचा) मिळाव्यात म्हणून काही जण थेट १८० ला जातात. डीएनए पकडला जाण्याचा वेग व्होल्टेजबरोबर खरंच झपाट्याने वाढतो, पण त्या टोकाला छिद्राचं स्वतःचं मिटणं आणि डीएनएचं अडकणं वेगळं ओळखणं कठीण होऊन बसतं.

आणखी एक ओळख आहे. बेसलाइन पायरीसारखी न पडता हळूहळू सरकत असेल, तर ते अडकणं नव्हेच. ते इलेक्ट्रोडचं, बाष्पीभवनाचं किंवा तापमानाचं काम. मिठाच्या द्रावणाची वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे पाच अंशांच्या फरकाने दहा टक्के बेसलाइन हलते. 'इलेक्ट्रोडच्या तारेवरचं सिल्व्हर क्लोराइड संपलं' हे कारण फार ऐकू येतं. जरा हिशेब करा. १२० पिकोअँपिअर तासभर वाहिले तरी जेमतेम साडेचार पिकोमोल क्लोराइड खर्च होतं. लेप संपत नाही, तो खरवडलेला किंवा मुळातच अर्धवट चढलेला असतो. तार घासून पुन्हा ब्लीचमध्ये बुडवा.

पातळी किती, हा पहिला प्रश्न

प्रवाह जिथे बसलाय ती पातळी उघड्या छिद्राच्या प्रवाहाशी ताडून पाहा. आकडा पिकोअँपिअरमध्ये नको, गुणोत्तरात काढा.

नळीत एकपेडी डीएनए असेल तर ८५ ते ९० टक्के प्रवाह अडतो. १२० चे १२ ते १८ उरतात. ही खोल पातळी आणि ती काही सेकंद हलत नाही, असं असेल तर साखळीचं टोक नळीत गेलंय आणि मागे काहीतरी गाठ आहे. ती गाठ हेअरपिनची (साखळी स्वतःवरच दुमडून बेसच्या जोड्या जुळलेली घडी) किंवा चिकटलेल्या दुसऱ्या पेडाची.

पातळी अर्ध्याच्या आसपास किंवा थोडी वर असेल तर रेणू टोपीच्या पोकळीत बसलाय, नळीत अजून काही शिरलेलं नाही. शेपूट नसलेला बोथट हेअरपिन असाच वागतो. याचा ट्रेस एकदा नीट मोठा करून पाहाच. प्रवाह एका पायरीने अर्ध्यावर येतो, तिथे थोडा कुरकुरत राहतो, आणि सुटायच्या अगदी आधी एक बारीक सुईसारखी खोल खाच पडते. मग लगेच पूर्ण उघडा. ती सुई म्हणजे हेअरपिनची जिप उघडली आणि मोकळी साखळी नळीतून सटकन गेली तो क्षण. सुई शेवटी दिसली की निदान झालं, दुसरा पुरावा लागत नाही. ती पायरी किती वेळ टिकते हे जोड्यांच्या संख्येवर अवलंबून असतं. एकेक जोडी वाढली की थांबण्याचा काळ कितीतरी पटींनी वाढतो. म्हणूनच दोन-तीन जोड्यांचा हेअरपिन लक्षातही येत नाही, आणि आठ-दहा जोड्यांचा तुमचं दिवसाचं काम अडवतो.

इथे एक फसगत हमखास होते. मेम्ब्रेनमध्ये दोन छिद्रं असतील तर उघडा प्रवाह २४० असतो. त्यातलं एक खोलवर अडलं की उरतात १२० अधिक १५, म्हणजे १३५. गुणोत्तर ५६ टक्के! टोपीतल्या हेअरपिनचा जो आकडा, तोच इथेही. म्हणून गुणोत्तर काढण्याआधी उघड्या छिद्राचा मूळ आकडा एका छिद्राचा आहे ना, हे पाहून घ्या. पहिलं छिद्र येताच सिस बाजूचं द्रावण बदलून उरलेलं प्रथिन धुऊन टाकलं नाही तर दुसरं छिद्र कधीही येतं, आणि ते येण्याची पायरी तुम्ही चहाला गेलात तेव्हाच पडते.

व्होल्टेज बदलून पाहणं

पातळीवरून खात्री होत नसेल तर पुढची चाचणी हीच, आणि माझ्या मते सगळ्यात कमी वापरली जाणारीही हीच. १००, १२०, १४० मिलिव्होल्ट अशा तीन ठिकाणी घटनांचा टिकाव, म्हणजे प्रवाह किती वेळ अडलेला राहतो ते, मोजा.

व्होल्टेज वाढवल्यावर टिकाव कमी झाला तर रेणू पलीकडे जातोय, मग तो मोकळा असो वा जिप उघडत जाणारा. जिप उघडणारा असेल तर घट फार तीव्र असते. उलट टिकाव वाढला तर रेणू पलीकडे जातच नाही. तो आत येऊन मागे परततो, आणि तुम्ही व्होल्टेज वाढवून त्याची परतीची वाट अवघड करत आहात. पक्का दुपेडी तुकडा, लांब हेअरपिन किंवा डीएनएला चिकटलेलं प्रथिन इथे येतं. अशा वेळी 'अजून जोर लावू' हा उपाय नेमका उलटा पडतो.

ज्यांना अगदी पक्का पुरावा हवा आहे त्यांनी ट्रान्स बाजूचं द्रावण काढून पीसीआर करावा. १९९६ च्या कामात एकपेडी पलीकडे पोचतो, दुपेडी पोचत नाही, हे असंच सिद्ध केलं होतं.

नमुना दुरुस्त करणं

इथे वेळ घालवा, कारण बहुतेकांची सुटका इथेच होते.

'९५ अंशाला तापवून लगेच बर्फात ठेवा' हा सल्ला अर्धाच खरा आहे. झटकन थंड केल्यावर दोन वेगळ्या साखळ्यांना एकमेकींना शोधायला वेळ मिळत नाही, म्हणून दुपेडी जोड्या कमी होतात. पण साखळीचं एक टोक त्याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला शोधायला वेळ लागतच नाही. परिणामी हेअरपिन मात्र पुरेपूर बनतात. तुमच्या ट्रेसमध्ये शेवटी सुई असलेली अर्धी पातळी दिसत असेल तर बर्फाने काही होणार नाही. साखळीचा क्रम घडी घालणाऱ्या प्रोग्रॅममधून तपासा, तोही १ मोलर मिठाची अट घालून. मीठ जितकं जास्त तितक्या जोड्या घट्ट, आणि नॅनोपोअरचा बफर त्या बाबतीत टोकाचा आहे. नेहमीच्या पीसीआरच्या मिठाला मोकळी दिसणारी साखळी इथे गुंडाळून बसलेली असते.

क्रम बदलता येत असेल तर बदला. नसेल तर युरिया घाला. अल्फा-हिमोलायसिन हे चिवट प्रथिन आहे, बरंच युरिया सहन करतं. पीएच चढवणं हाही मार्ग आहे, कारण वरच्या पीएचला ग्वानिन आणि थायमिनचे प्रोटॉन सुटून जोड्याच मोडतात. मात्र दोन्हींत उघड्या छिद्राचा प्रवाह बदलतो, तेव्हा कोरी चाचणी पुन्हा करावी लागेल.

नमुना पीसीआरचा असेल तर प्रश्न वेगळा आहे. तिथे पूरक साखळी ट्यूबमध्येच हजर असते. कितीही तापवा, १ मोलर मिठात गेल्यावर ती आपल्या जोडीदाराला शोधून काढणारच. ती काढूनच टाकावी लागते. एका प्रायमरच्या (पीसीआरमध्ये नवी साखळी सुरू करून देणाऱ्या छोट्या तुकड्याच्या) ५ प्राइम टोकाला फॉस्फेट लावून घ्यायचं आणि नंतर लॅम्डा एक्सोन्यूक्लिएजने ती साखळी खाऊन टाकायची, किंवा एका प्रायमरला बायोटिन लावून त्याला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनाच्या मण्यांवर पकडायचं आणि अल्कलीने मोकळी साखळी धुऊन घ्यायची. दुसऱ्या पद्धतीत मण्यांवरून निसटलेलं स्ट्रेप्टॅव्हिडिन नमुन्यात आलं तर तेही छिद्राच्या तोंडाशी बसतं, म्हणून धुणं मनापासून करा.

ग्वानिनने भरलेल्या साखळ्यांची गोष्टच न्यारी. चार-चार ग्वानिनांच्या चकत्या एकावर एक रचून जी चौपेडी गाठ बनते, तिच्या मधोमध पोटॅशियमचा आयन नेमका मावतो. म्हणजे ज्या बफरमध्ये आपण प्रयोग करतो तोच तिला घट्ट करतो. थ्रॉम्बिन या प्रथिनाला धरणारा १५ बेसचा ऍप्टॅमर (ठरावीक रेणूला चिकटणारी छोटी डीएनए साखळी) हे याचं नेहमीचं उदाहरण. तो टोपीच्या पोकळीत जाऊन आरामात बसतो. अशा नमुन्यासाठी पोटॅशियम काढून लिथियम क्लोराइड वापरा. लिथियम त्या जागेत नीट बसत नाही आणि गाठ सैल पडते. लिथियमच्या द्रावणाची वाहकता कमी असते, त्यामुळे उघड्या छिद्राचा आकडा खाली आला म्हणून घाबरू नका. इलेक्ट्रोडजवळ जुनं पोटॅशियमचं द्रावण साचलेलं असेल तर मात्र सगळं मुसळ केरात.

उथळ दिसणाऱ्या सगळ्या घटना उथळ नसतात

हा मुद्दा अडकण्याच्या उलट टोकाचा, पण तक्रारींत दोन्ही एकत्र येतात: 'काही अडकतात, बाकीच्या अर्धवटच शिरतात.' त्यातल्या अर्धवट घटना प्रवाहातला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरने बनवलेल्या असू शकतात.

मेलर आणि सहकाऱ्यांनी २००० साली मोजलेल्या आकड्यांनुसार १२० मिलिव्होल्टला नुसत्या अडेनिनची १०० बेसची साखळी जायला साधारण १९० मायक्रोसेकंद घेते, सायटोसिनची ७६ च्या आसपास. आता १० किलोहर्ट्झचा फिल्टर लावला तर पायरी चढायलाच ३३ मायक्रोसेकंद लागतात. पूर्ण खोली दिसायला घटना त्याच्या निदान दुप्पट टिकायला हवी. सायटोसिनची ६० बेसची साखळी सुमारे ४५ मायक्रोसेकंदांत निघून जाते. ती पलीकडे पूर्ण गेली, तरी ट्रेसवर खाच खऱ्या खोलीपेक्षा उथळ दिसेल. तिला 'टोपीतून परतलेला रेणू' म्हणून मोजलं की पुढचं सगळं गणित चुकतं. फिल्टर १०० किलोहर्ट्झवर उघडा. गोंगाट वाढेल, तो कमी करायला मेम्ब्रेनचं भोक लहान घ्या, ५० मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी. लहान भोक म्हणजे कमी धारिता आणि कमी गोंगाट.

वेग पाहिला की एकेक बेस या पद्धतीने का वाचता येत नाही हेही कळतं. १२० पिकोअँपिअर म्हणजे सेकंदाला ७५ कोटी आयन, म्हणजे एका मायक्रोसेकंदात ७५०. त्यातले डीएनए असताना उरतात शंभरच्या आत-बाहेर. एक बेस एक-दोन मायक्रोसेकंदांत निघून जातो. तेवढ्या मूठभर आयनांवरून हा अडेनिन की सायटोसिन हे ठरवणार कसं? म्हणून वाचनासाठी साखळीला आवर घालणारं एन्झाइम लावतात. २०१२ मध्ये फाय२९ पॉलिमरेज वापरून हे अल्फा-हिमोलायसिनमध्येही दाखवलं गेलं आणि एमएसपीए या मायकोबॅक्टेरियाच्या छिद्रातही. एमएसपीएची चिंचोळी जागा १.२ नॅनोमीटर रुंद आणि फार आखूड, त्यामुळे एका वेळी मोजकेच बेस प्रवाहावर परिणाम करतात. तुमच्या हातात एमएसपीए असेल तर ते मूळ रूपातलं नाही याची खात्री करा. मूळ रूपात चिंचोळ्या जागी ऋण भार असतात आणि डीएनए आत जायला राजीच होत नाही. ते भार काढलेला बदलीव प्रकारच चालतो.

मोकळं कसं करायचं

निदान होईपर्यंत प्रयोग तर चालवायचा आहे. अडकलं की व्होल्टेज शून्यावर नेऊन वाट पाहणं पुरेसं नसतं असं समजलं जातं, पण मोकळी साठ-सत्तर बेसची साखळी शून्य व्होल्टला काही मिलिसेकंदांत आपणहून बाहेर पडते. शून्यावर सोडूनही निघाली नाही तर गाठ खरी आहे. मग उणे १०० किंवा १२० मिलिव्होल्ट, अर्धा सेकंद, आणि परत सुलट. सिस बाजूची गाठ असेल तर उलट्या ओढीला जिप उघडायची गरजच नसते, जशी आली तशी शेपूट ओढून परत जाते.

सुलट केल्यानंतरचा क्षण नीट पाहा. प्रवाह आधी पूर्ण उघडा झाला आणि काही वेळाने पुन्हा अडला, तर नवीन रेणू आला. उलट, सुलट करताक्षणीच तो अडलेल्याच पातळीवर आला, मधे उघडं दिसलंच नाही, तर तोच रेणू अजून तिथे आहे. पहिल्या प्रकारात डीएनएचं प्रमाण कमी करा. दुसऱ्यात उलट ओढीचा काळ वाढवा, व्होल्टेज नको. दोनशेच्या पुढे गेलात की द्विस्तर फुटण्याची वेळ जवळ येते.

उलट ओढीला काहीच फरक पडत नसेल तर ते डीएनए नव्हे. लिपिडचा गोळा, हेक्साडेकेनचा थेंब किंवा मोडलेलं प्रथिन असू शकतं. आता मात्र मेम्ब्रेन फोडा, आणि भोकाला नवीन लेप देण्याआधी टेफ्लॉन पेंटेनने पुसून घ्या.

एन्झाइम लावून काम करणाऱ्यांना वेगळी अडचण येते. साखळी खोल पातळीवर थांबते, पातळी अजिबात हलत नाही, आणि उलट केल्यावर लगेच सुटते. एन्झाइम छिद्राच्या तोंडावर बसलंय पण चालत नाही. पॉलिमरेज असेल तर न्यूक्लिओटाइड आणि मॅग्नेशियम पाहा, हेलिकेज असेल तर एटीपी आणि मॅग्नेशियम. आणि वर सांगितलेलं ईडीटीए या प्रयोगात घातलं असेल तर ते काढा, एन्झाइमचं मॅग्नेशियम तेच खातंय.